बाबांच्या हॉस्पिटलचं थकलेलं बिल: देणं कोणाचं आणि किती?

राजेंद्र नगरातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील इंदूरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत वारले. एकूण बिल ६ लाख ९० हजार. त्यातले १ लाख आधी भरले होते, मेडिक्लेमने २ लाख ६० हजार मंजूर केले, उरले ३ लाख ३० हजार. देह ताब्यात घेताना रात्री काउंटरवर धाकट्या मुलाकडून 'उरलेली रक्कम मी भरेन' अशा कागदावर सही घेतली. आता हॉस्पिटलचे फोन सुरू झालेत. लॅबचे आणि मेडिकलवाल्याचेही पैसे राहिलेत, वडिलांच्या क्रेडिट कार्डावर थोडी बाकी आहे. घर वडिलांच्या नावावर, आईला फॅमिली पेन्शन मिळणार, थोरला भाऊ पुण्याला, बहीण देवासला. भावाचं म्हणणं, वडिलांचं कर्ज मुलांनी फेडायलाच हवं, घर विकून टाकू. धाकटा विचारतो, कायद्याने माझ्या अंगावर नेमकं किती येतं?

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूचं काम करते, त्यात वारसांची प्रकरणं जास्त. तुम्हाला आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. घर विकायची घाई करू नका. पुढच्या फोनवर 'हो, भरतो' असंही म्हणू नका. हे बिल वडिलांचं आहे आणि ते वडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फिटायचं असतं. ते तुमच्या पगारातून जायचं असेल तर त्याला तुमची स्वतःची जबाबदारी लागते आणि ती येते सहीतून. म्हणून तुमच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा कागद बिल नसून त्या रात्री सही केलेलं हमीपत्र आहे. त्याची प्रत तुमच्याकडे नसेल तर ती आधी मागून घ्या.

भावाच्या म्हणण्यामागची भावना मला कळते. बापाचं ऋण मुलाने फेडावं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि एके काळी न्यायालयंही ते मानत. पुत्राचं धार्मिक कर्तव्य म्हणून सावकार मुलावर दावा लावू शकत असे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून तो रस्ता बंद केला. कलम ६ चं चौथं पोटकलम सांगतं की त्या तारखेनंतर झालेल्या कर्जासाठी केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याविरुद्ध वसुलीचा हक्क न्यायालय मान्य करणार नाही. मनाला वाटलं म्हणून भाऊ स्वतःच्या पैशांनी बिल भरू शकतो, ती त्याची इच्छा. पण तुम्हाला किंवा बहिणीला तसं करायला कायदा लावत नाही.

कायदा लावतो ते एवढंच: वडिलांकडून जे तुमच्या हाती आलं, तेवढ्यापुरते तुम्ही त्यांच्या देण्याला उत्तरदायी. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं ५० आणि ५२ हेच सांगतात. हॉस्पिटलने उद्या दावा केला आणि जिंकला, तरी हुकूमनामा 'मयताच्या मालमत्तेतून वसूल करावा' असाच होतो. समजा वडिलांच्या नावावर फक्त दोन लाख असते आणि देणं पाच लाखांचं, तर वरचे तीन लाख मुलांकडे मागता येत नाहीत. पण कलम ५२ ची दुसरी बाजू लोक विसरतात. वडिलांची मालमत्ता तुमच्या हाती आली आणि तिचं काय केलं याचा समाधानकारक हिशेब तुम्ही न्यायालयाला देऊ शकला नाहीत, तर तेवढ्या रकमेपुरती वसुली तुमच्या स्वतःच्या मालमत्तेतून होऊ शकते. म्हणून आजच एक वही करा. डाव्या पानावर वडिलांचं काय काय होतं ते लिहा: बचत खातं, एफडी, घर, स्कूटर, शेअर. उजव्या पानावर त्यातून काय गेलं ते, तारीख आणि पावतीसकट: अ‍ॅम्ब्युलन्स, अंत्यविधी, लॅब, नगर निगमाचा घरपट्टीचा भरणा. ही वही पुढे न्यायालयात उपयोगी पडेल आणि त्याआधी भावंडांमध्ये.

वडिलांच्या मालमत्तेत काय मोडत नाही हे तितकंच महत्त्वाचं आहे, कारण हॉस्पिटलचा माणूस फोनवर 'आईंना पेन्शन येतेच की' असं हमखास म्हणतो. फॅमिली पेन्शन आईच्या स्वतःच्या हक्काची आहे, वडिलांच्या इस्टेटीचा ती भाग नाही. तिला कुठलाही घेणेकरी हात लावू शकत नाही. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम नॉमिनीला मिळते ती कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम १० नुसार मयताच्या देण्यांपासून मुक्त असते. आईचे दागिने आईचे, मग ते वडिलांनी घेऊन दिलेले का असेनात. बिलासाठी आईच्या पाटल्या मोडल्या असं कानावर येतं तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते.

बँक खात्यातली शिल्लक मात्र इस्टेटीत धरायची, नॉमिनी कोणीही असला तरी. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा विश्वस्त, मालक वारसच, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. आणि एक काम कृपया करू नका: वडिलांचं एटीएम कार्ड किंवा त्यांच्या फोनवरचं यूपीआय वापरून हॉस्पिटलचे पैसे भरू नका. मृत्यूनंतर ते खातं चालवायचा अधिकार कोणालाच नसतो आणि पुढे भावंडांत बिनसलं तर हाच व्यवहार तुमच्याविरुद्ध दाखवला जातो. नॉमिनी असेल तर बँक उत्तराधिकार प्रमाणपत्र मागत बसत नाही, मृत्यू प्रमाणपत्र आणि ओळखपत्रावर रक्कम मिळते. तोवर थांबा.

आता तुमची सही.

हॉस्पिटलमध्ये नातेवाइकाकडून साधारण तीन प्रकारच्या सह्या घेतात. पहिली उपचारांच्या संमतीची, तिने पैशांची जबाबदारी येत नाही. दुसरी अ‍ॅडमिशन फॉर्मवरची, 'जबाबदार व्यक्ती' किंवा 'अटेंडंट' अशा रकान्यासमोर. तिथे खाली बारीक अक्षरांत काय छापलंय त्यावर सगळं अवलंबून. 'रुग्णाचं बिल भरण्यास मी वैयक्तिकरीत्या जबाबदार राहीन' असं वाक्य असेल तर तुम्ही जामीनदार झालात. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते आणि मूळ देणेकरी वारला म्हणून ती संपत नाही. तिसरी सही शेवटच्या हमीपत्रावरची, जशी तुमच्याकडून घेतली.

या तिसऱ्या सहीवर वाद घालायला जागा आहे. थकलेल्या बिलासाठी देह अडवून ठेवायचा अधिकार हॉस्पिटलला नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांकडे पाठवलेल्या रुग्ण हक्क सनदेत हे स्पष्ट शब्दांत आहे. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकातही असं आहे की उपचारांदरम्यान पॉलिसीधारकाचा मृत्यू झाला तर विमा कंपनीने क्लेम तत्काळ हाती घ्यायचा आणि देह ताबडतोब मिळवून द्यायचा. मग 'सही केल्याशिवाय बॉडी देणार नाही' असं सांगून घेतलेली सही मोकळ्या मनाने दिलेली संमती कशी ठरेल? करार कायदा दबावाखाली झालेला करार रद्द करण्याचा हक्क देतो, कलम १९ आणि १९ अ मध्ये. पण तो हक्क बजावावा लागतो. वर्षभर गप्प बसून, मधे दोन हप्ते भरून, मग 'दबाव होता' म्हटलं तर न्यायाधीश ऐकून घेत नाहीत. हे पहिल्या महिन्यातच लेखी कळवायला हवं. त्या रात्री तुमच्याबरोबर कोण होतं, काउंटरवर काय बोलणं झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला काय लिहिलंत, हे सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवा.

त्या रात्री चेक दिला होतात का, हे तुमच्या पत्रात नाही. दिला असेल तर मला लगेच कळवा, कारण मग गोष्ट वेगळी होते. तुमच्या खात्याचा चेक परत गेला आणि नोटिशीनंतर पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. तीच गोष्ट हॉस्पिटलच्या डेस्कवर काढलेल्या ईएमआय कर्जाची. तिथे टॅबवर तुमचं आधार आणि ओटीपी घेऊन कर्ज मंजूर झालं असेल, तर ते वडिलांचं बिल राहिलं नाही, तुमचं कर्ज झालं.

सही एकट्या धाकट्याने केली म्हणून सगळं त्याच्यावर, असंही होत नाही. जामीनदार म्हणून तुम्ही भरलंत तर ती रक्कम वडिलांच्या मालमत्तेतून आधी वळती करून घ्यायचा तुमचा हक्क आहे, वाटणी त्यानंतर. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, याचं कलम ३२० फारच थोड्या लोकांना ठाऊक असतं. त्यात क्रम दिलाय: मयताच्या ऐपतीला साजेसा अंत्यविधीचा खर्च, आणि त्याच्याच जोडीला शेवटच्या आजारपणाचा खर्च, म्हणजे वैद्यकीय शुल्क आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा राहण्याजेवणाचा खर्च, हे इतर सर्व कर्जांच्या आधी. हे कलम मृत्युपत्राचा व्यवस्थापक आणि न्यायालयाने नेमलेला प्रशासक यांना उद्देशून आहे, पण घरातल्या घरात हिशेब करतानाही हाच क्रम धरा. तुमच्या वडिलांच्या बाबतीत याचा अर्थ असा की हॉस्पिटल आणि लॅब आधी, क्रेडिट कार्ड नंतर. तेराव्याचं मोठं जेवण 'साजेसा अंत्यविधी' म्हणून इस्टेटीवर टाकू नका. करायचं असेल तर भावंडांनी आपापल्या खिशातून करावं.

मृत्युपत्र नसेल तर घरात आई, दोघे भाऊ आणि बहीण यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा. बहिणीचं लग्न झालंय म्हणून ती देण्यातून सुटत नाही आणि घेण्यातूनही नाही. तिला आज हक्कत्यागावर सही करायला लावून नंतर बिलात वाटा मागायचा, हे मी होऊ देत नाही. आधी देणी, मग वाटणी, मग नामांतरण.

भावाचा प्रश्न राहतो: घर. हॉस्पिटलचं बिल हे विनातारण देणं आहे, घरावर त्याचा बोजा नाही. दावा, हुकूमनामा, मग जप्ती, एवढा रस्ता त्यांना चालावा लागतो. पण जप्ती होऊ शकते, हेही तुमच्यापासून लपवत नाही. वडिलांच्या घराची किंमत बिलापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे 'इस्टेटीत काही नाही' हा बचाव तुम्हाला मिळणार नाही. घाईने घर एकाच्या नावावर करून टाकू असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण न्यायालय रद्द करू शकतं. म्हणजे तुमच्या बाबतीत खरी लढाई देणं आहे की नाही याची नाहीच. ते तीन लाख तीस हजार बरोबर आहे का, याची आहे. आणि माझ्या अनुभवात असे आकडे जसेच्या तसे टिकत नाहीत.

सुरुवात मेडिक्लेमपासून करा, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे अडकलेला असतो. विमा कंपनीकडून किंवा टीपीएकडून, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, कपातीचा तक्ता मागवा, नुसतं मंजुरीचं पत्र नको. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, खोलीभाड्याच्या प्रमाणात केलेली कपात. पॉलिसीत रोजची मर्यादा ५,००० असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली असेल, तर कंपनी खोलीभाड्याबरोबर इतर खर्चही पाचअष्टमांश करते. डॉक्टरांच्या फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांना हे लावता येतं. औषधं आणि वापराच्या वस्तू, शरीरात बसवलेली उपकरणं, आणि तपासण्या यांना लावता येत नाही, असे विमा नियामकाचे निर्देश आहेत. समजा औषधं ९० हजारांची आणि तपासण्या ४० हजारांच्या. त्यांनाही पाचअष्टमांशाचा हिशेब लावला तर ८१,२५० मंजूर होतात आणि ४८,७५० नाहक कापले जातात. आयसीयूच्या भाड्याची मर्यादा पॉलिसीत वेगळी असते, तीही पडताळा. ही चूक मी कितीतरी तक्त्यांत पाहिली आहे आणि एका साध्या पत्रावर ती दुरुस्त झालेलीही पाहिली आहे.

दुसरी, 'टॅरिफनुसार कपात' असा शेरा. कॅशलेसमध्ये हॉस्पिटल आणि विमा कंपनी यांच्यात दर ठरलेले असतात. ठरलेल्या दरावरची जास्तीची रक्कम रुग्णाकडून घ्यायची नाही, अशी अट त्या करारात सहसा असते. तक्त्यात असा शेरा असलेली प्रत्येक रक्कम वेगळी काढा आणि हॉस्पिटलला विचारा की ती आमच्या बिलात कशी आली.

तिसरी, जुना आजार लपवला हे कारण. पॉलिसी सलग साठ महिने चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या मुद्द्यावर क्लेम नाकारता येत नाही. वडिलांची पॉलिसी किती वर्षं चालू होती ते जुन्या नूतनीकरणाच्या पावत्यांवरून काढा.

कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. वारस म्हणून तुम्ही स्वतः तक्रार करू शकता. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत करायची, एवढं लक्षात ठेवा.

मग हॉस्पिटलचं बिल. दोन पानांचं सारांश बिल पुरत नाही. तारीखवार, बाबवार बिल मागा आणि त्याच्या जोडीला केस पेपर, म्हणजे नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, डॉक्टरांच्या नोंदी. मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे. बिल बाकी आहे म्हणून नोंदी अडवता येत नाहीत. मृत्यूची नोंद आणि मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र यांचाही बिलाशी संबंध नाही. नोंद २१ दिवसांत व्हायची असते आणि हॉस्पिटलमधल्या मृत्यूची खबर देणं हे हॉस्पिटलचंच काम आहे.

दोन्ही कागद शेजारी ठेवून एक संध्याकाळ बसा. बहीण किंवा भाचा, कोणीतरी जोडीला घ्या, एकट्याने वाचायला ते जड जातं. बिलात डॉक्टरांच्या भेटी किती आणि चार्टवर सह्या किती? व्हेंटिलेटर ज्या दिवशी काढला त्यानंतरही त्याचं भाडं लागलंय का? वॉर्डातून आयसीयूत हलवलं त्या दिवशी दोन्हीकडचं पूर्ण भाडं धरलंय का? बिलात दहा इंजेक्शनं आणि चार्टवर सहा, तर उरलेली चार फार्मसीला परत गेल्याची नोंद कुठे आहे? शेवटच्या दिवशी मागवलेली औषधं आणि मृत्यूची वेळ जुळते का? औषधांच्या छापील किमतीपेक्षा जास्त लावलंय का? प्रत्येक शंका एका ओळीत, तारीख आणि रकमेसह लिहा. 'बिल फार जास्त आहे' या तक्रारीला काउंटर उत्तर देत नाही. '१४ तारखेला दोन्हीकडचं भाडं का?' याला द्यावंच लागतं.

हॉस्पिटलला पहिलं पत्र पाठवताना भाषा जपा. लेखी कबुली दिली की मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे हॉस्पिटलची दावा करायची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने सुरू होते, आणि थोडी रक्कम भरून सही केलेली नोंद दिली तरी तेच. मुदत संपेपर्यंत लपून राहा असं मी सुचवत नाही. डॉक्टर, नर्स यांनी काम केलंय, त्यांचं रास्त देणं द्यायलाच हवं. पण आकडा ठरायच्या आधी आकडा कबूल करू नका. मी सहसा असा मजकूर देते:

'माझे वडील आपल्या हॉस्पिटलात अमुक तारखेला वारले. आपण मागत असलेली रक्कम आम्हाला मान्य नाही. तारीखवार बिल, औषध परतीचा हिशेब आणि संपूर्ण केस पेपरची प्रत द्यावी. विमा कंपनीकडे कपातीबद्दल दाद मागितली आहे. देह ताब्यात देताना माझ्याकडून घेतलेलं हमीपत्र मुक्त संमतीने दिलेलं नाही, ते मी रद्द करत आहे. पडताळणीनंतर रास्त ठरणारी रक्कम वडिलांच्या मालमत्तेतून देण्याबाबत सर्व वारस चर्चेस तयार आहेत. माझे सर्व हक्क राखून हे पत्र देत आहे.'

स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा. फोनवर एवढंच सांगा की पत्र दिलंय, उत्तर लेखी द्या.

उत्तर आल्यावर बैठक मागा, आणि ती बिलिंग काउंटरशी नको, वैद्यकीय अधीक्षक आणि हिशेब विभागाचा प्रमुख दोघांबरोबर. तीन वर्षं दावा चालवण्यापेक्षा आज एकरकमी पैसे मिळणं हॉस्पिटललाही हवं असतं, त्यामुळे तिथे आकडा खाली येतो. ठरलं की आधी त्यांच्या लेटरहेडवर 'पूर्ण आणि अंतिम, काही बाकी नाही, हमीपत्र परत केलं' असं लिहून घ्या, मगच पैसे. बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने हॉस्पिटललाही मना आहे.

नाही ठरलं तर लगेच दावा करू नका. हॉस्पिटलची सेवा ही विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २२ अ खाली लोकोपयोगी सेवा आहे, म्हणून स्थायी लोक अदालतीत अर्ज करता येतो. कोर्ट फी नाही. एकदा अर्ज दिला की त्याच वादासाठी दुसऱ्या पक्षाला न्यायालयात जाता येत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. जास्तीच्या वसुलीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडेही वारस जाऊ शकतात, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. देह अडवल्याची तक्रार मुख्य चिकित्सा अधिकाऱ्यांकडे द्या. मध्य प्रदेशात नर्सिंग होमची नोंदणी १९७३ च्या राज्य कायद्याखाली होते आणि देखरेख त्यांचीच असते. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरही नोंदवा म्हणजे तक्रारीला क्रमांक मिळतो.

पुण्याचा भाऊ 'धर्मादाय खाटा' म्हणेल, तिकडचे बरेच नातेवाईक म्हणतात. ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत ही योजना महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातली आहे. इंदुरात ती लागू नाही, त्यात वेळ घालवू नका.

लॅब आणि मेडिकलवाल्याचं देणं छोटं असेल तर पावती पडताळून देऊन टाका, तीही वडिलांच्या पैशांतून, वहीत नोंद करून. क्रेडिट कार्डाच्या बँकेला मृत्यू प्रमाणपत्राची प्रत पाठवा, कार्ड बंद करायला सांगा, मृत्यूनंतरचं व्याज आणि दंड माफ करायची विनंती करा, आणि कार्डावर विमा होता का हे विचारा. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. वडिलांचं शेवटचं आयकर विवरण वारसाने भरायचं असतं, तेही विसरू नका. वडील केंद्र सरकारी सेवेतून निवृत्त असतील आणि सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल, तर वारसालाही परतावा मागता येतो. त्यासाठी स्टॅम्प पेपरवर शपथपत्र, इतर वारसांचं ना हरकत आणि मृत्यू प्रमाणपत्र लागतं, आणि मुदत सहा महिन्यांची.

वारसांची कागदपत्रं आत्ताच एका फाइलमध्ये लावा: सर्वांचे आधार, आईबाबांचं लग्न दाखवणारा एखादा पुरावा, जुनं रेशन कार्ड किंवा मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा समग्र आयडी. इथल्या बंद पडलेल्या हुकुमचंद कापड मिलच्या कामगारांची थकीत रक्कम, २२४ कोटी, डिसेंबर २०२३ मध्ये सुटली तेव्हा किती कामगार हयात नव्हते हे इंदुरात सगळ्यांना माहीत आहे. तीस वर्षांनी वारस असल्याचे पुरावे गोळा करताना त्या घरांची काय दमछाक झाली ते मी जवळून पाहिलं आहे.

आईबद्दल दोन गोष्टी. त्या सत्तर पूर्ण असतील तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड या महिन्यातच करून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, खासगी मेडिक्लेम असला तरी. माहितीसाठी १४५५५. वडिलांचं असं कार्ड होतं का तेही शोधा. होतं आणि हॉस्पिटल त्या योजनेत होतं, तरी रोख बिल लावलं असेल, तर याच क्रमांकावर तक्रार होते. आणि हॉस्पिटल, बँक किंवा विमा कंपनीचा माणूस घरी आला तर आईची सही कुठल्याही कागदावर होऊ देऊ नका. कागद ठेवून घ्या, फोटो काढा आणि मला पाठवा.